रेल्वे केंद्राची, रस्ता राज्याचा. मग फाटक कुणाचं?

नागपुरात कामठी रोडवर गड्डीगोदामच्या गुरुद्वाऱ्यापाशी वाहतुकीचे चार मजले आहेत. सर्वांत खाली रस्ता, त्यावर नागपूर-दिल्ली रेल्वेमार्ग, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो. वरच्या दोन मजल्यांचा पोलादी सांगाडा सुमारे १,६५० टनांचा आहे. अभियंत्यांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. आता समजा, उड्डाणपुलावरच्या एखाद्या ट्रकमधून लोखंडी सळई निसटून रुळांवर पडली. ट्रकचालकावर गुन्हा कोण नोंदवणार? शहर पोलीस, म्हणजे राज्य. रुळांवरच्या अडथळ्याचा तपास? लोहमार्ग पोलीस, तेही राज्यच. रेल्वेची मालमत्ता सांभाळणारं रेल्वे सुरक्षा दल केंद्राचं. मेट्रो चालते संसदेच्या कायद्याखाली, पण चालवणाऱ्या कंपनीत केंद्र आणि राज्य यांचा वाटा निम्मा-निम्मा. आणि पुलाच्या कठड्याला जाळी बसवायला हवी, हे कुणी कुणाला बजावायचं, यावर पहिला पत्रव्यवहार सुरू होईल.

रेल्वे संरक्षेच्या, म्हणजे अपघात टाळण्याच्या, कायद्याला घटनात्मक आव्हान म्हटलं की आपल्याला संसदेचा एखादा कायदा न्यायालयाने रद्द केल्याचं चित्र दिसतं. भारतात तसं व्हायला फारशी जागाच नाही. केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणाऱ्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या केंद्र सूचीत २२ व्या नोंदीत एकच शब्द आहे: रेल्वे. त्याला पुढे-मागे अट नाही. अनुच्छेद २५७(३) नुसार राज्याच्या हद्दीतल्या रेल्वेच्या रक्षणासाठी काय करायचं याचे निर्देश केंद्र राज्याला देऊ शकतं. त्यासाठी राज्याला जो जादा खर्च येईल तो केंद्राने द्यायचा, असं २५७(४) सांगतं. आणि अनुच्छेद २८७ पाहा: रेल्वे चालवण्यासाठी लागणाऱ्या विजेवर राज्य करसुद्धा लावू शकत नाही. इतक्या घट्ट तटबंदीत राज्याचा कायदा घुसणार कुठून?

पण हीच अनुसूची राज्य सूचीत रस्ते आणि पूल ठेवते, सार्वजनिक सुव्यवस्था ठेवते, आणि पोलीस ठेवताना कंसात स्पष्ट लिहिते की यात रेल्वे पोलीसही आले. गाडी केंद्राची, पण गाडीखाली येणारा माणूस राज्याच्या रस्त्यावरून आलेला असतो. रुळाला पाणी लागतं ते नगरपालिकेच्या नाल्याचं. खरा घटनात्मक पेच दोन सूच्यांच्या या सांध्यावर आहे. आमचं म्हणणं एवढंच, की या सांध्यावरचा वाद सोडवण्याची कायद्यातली सोय चुकीची आहे, कारण तिथे वादातला एक पक्षच निवाडा देतो.

आधी थोडा इतिहास, कारण आजची रचना आभाळातून पडलेली नाही. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात छोट्या रेल्वेमार्गांचा विषय प्रांतांकडे दिला होता. मात्र त्या छोट्या मार्गांवरची संरक्षा संघराज्याकडेच ठेवली होती. म्हणजे मालकी कुणाचीही असो, संरक्षेचं माप एकच असावं, हे तेव्हाच मान्य झालं होतं. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. गाडी चालवणाऱ्यानेच आपली तपासणी करू नये, हा विचारही त्याच काळातला. १९३९ मध्ये कर्नल माउंट यांच्या समितीने रेल्वे तपासनिसांना रेल्वे बोर्डापासून वेगळं करण्याची शिफारस केली आणि १९४१ मध्ये ती अमलात आली. म्हणून आजही रेल्वे संरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली नसतात. ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात आणि मुख्य आयुक्तांचं कार्यालय लखनऊला आहे. नवा मार्ग प्रवाशांसाठी खुला करायचा असेल तर या आयुक्तांनी पाहणी करावी लागते.

हे तत्त्व केंद्राने स्वतःच्या घरात मान्य केलं, राज्याशी असलेल्या व्यवहारात मात्र नाही. रेल्वे अधिनियम, १९८९ चं कलम १९ वाचा. सार्वजनिक रस्ता आणि रूळ एकाच पातळीवर जिथे छेदतात, तिथे राज्य सरकार किंवा रस्ता सांभाळणारी स्थानिक संस्था सार्वजनिक सुरक्षेसाठी रेल्वेकडे पुलाची किंवा धोका कमी करणाऱ्या दुसऱ्या कामाची मागणी कधीही करू शकते. महापालिकेला थेट हा अधिकार आहे, हे किती नगरसेवकांना ठाऊक असेल, देव जाणे. पुढच्या उपकलमात रेल्वे खर्चाची अट घालू शकते. सगळा खर्च द्या, किंवा केंद्र सरकारला रास्त वाटेल तेवढा वाटा द्या. आणि मतभेद झाला तर? प्रकरण केंद्र सरकारकडे, त्याचा निर्णय अंतिम. केंद्र सरकार म्हणजे व्यवहारात रेल्वे मंत्रालयच. वादी राज्य, प्रतिवादी रेल्वे, न्यायाधीशही रेल्वे!

हा वाद पैशांपुरता नसतो, हे समजायला फाटकाचं काम जवळून पाहावं लागतं. इंटरलॉक फाटकात दांडा पूर्ण खाली येऊन कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळतच नाही. त्या सिग्नलच्या खांबावर पिवळ्या चकतीत काळं 'जी' असतं. तो लाल असला तर लोको पायलट दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबतो, शिट्टी देतो आणि फाटकापर्यंत अगदी सावकाश जातो. हातसिग्नल मिळाला तरच पुढे. ट्रकने दांडा मोडला तरी यंत्रणा गाडीच्या बाजूने सुरक्षित राहते: सिग्नल लालच राहतो, गाड्या रखडतात, पण माणूस मरत नाही. बिगर-इंटरलॉक फाटकात यातलं काहीच नसतं. स्टेशन मास्तर फोन करतो, गेटमन 'फाटक बंद' म्हणून सांगतो, खासगी क्रमांकांची, म्हणजे निरोप पक्का झाल्याची खूण म्हणून द्यायच्या सांकेतिक आकड्यांची, देवाणघेवाण होते, दोघेही आपापल्या वहीत नोंदवतात आणि गाडी निघते. रस्त्यावर रांग लागलेली, मोटारसायकलवाले शिव्या देत असलेले, अशा वेळी 'बंद केलं' असं सांगून रस्त्यावरची दोन वाहनं सोडण्याचा मोह गेटमनला होतो. त्या दोन मिनिटांत सगळं घडतं.

म्हणजे फाटकावरचा धोका रस्त्यावरच्या दाबातून तयार होतो, आणि तो दाब राज्याच्या हातात आहे: वस्ती कुठे वाढू द्यायची, बाजार कुठे भरू द्यायचा, पर्यायी रस्ता कधी काढायचा. त्याचं मोजमाप मात्र रेल्वेच्या सूत्राने होतं. दिवसभरातल्या गाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरची वाहनं, याला टीव्हीयू (ट्रेन व्हेइकल युनिट) म्हणतात. मोटार किंवा बैलगाडी म्हणजे एक, रिक्षा म्हणजे अर्धा. १२० गाड्या आणि ९०० वाहनं असतील तर १,०८,०००. वर्षानुवर्षे नियम असा राहिला की हा आकडा एक लाखाच्या पुढे गेला तर पुलाचा खर्च रेल्वे आणि राज्य निम्मा-निम्मा करणार. खाली राहिला तर मागणाऱ्याने भरावा. या गुणाकारात पायी जाणारा माणूस येत नाही. दप्तर पाठीवर घेऊन शाळेत जाणारी पोरं येत नाहीत. साताठशे मीटर लांबीची कोळशाची मालगाडी आणि एकटं इंजिन या दोघांचं वजन सारखंच, जरी पहिलीपायी फाटक कितीतरी जास्त वेळ बंद राहत असलं तरी. असं सूत्र कुणा स्वतंत्र प्राधिकरणापुढे तपासायला ठेवलं असतं तर पहिल्याच सुनावणीत त्याची चिरफाड झाली असती.

आता दुसरी बाजू, आणि तीही तितकीच कडू. ८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पम इथल्या बिगर-इंटरलॉक फाटकावर शाळेच्या व्हॅनला गाडीने धडक दिली आणि मुलं दगावली. दक्षिण रेल्वेने सांगितलं, की तिथे रेल्वेच्या पूर्ण खर्चाने भुयारी मार्ग मंजूर होता, पण जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी वर्षभर मिळाली नाही. गेटमनचा दोष वेगळा. पण मंजूर काम एका संमतीपायी भिजत पडतं, हा प्रकार महाराष्ट्रालाही नवा नाही. फाटक कायमचं बंद करायला स्थानिक प्रशासनाची संमती लागते आणि ती देणं कुणालाच नको असतं, कारण फाटक बंद झालं की वळसा पडतो आणि वळसा पडला की लोक दारात येतात. नागपुरातल्या मनीषनगरच्या फाटकाचा प्रश्न उड्डाणपूल आणि भुयारी मार्ग असे दोन्ही बांधल्यावरच सुटला, तो वर्धा रोडवरचं सगळं काम एकाच यंत्रणेच्या हाती होतं म्हणून. असं भाग्य प्रत्येक फाटकाला लाभत नाही. पूर्वीची ठरलेली पद्धत अशी, की रुळांवरचा गाळा, म्हणजे पुलाचा रुळांवरून जाणारा भाग, रेल्वे बांधणार आणि पोहोचरस्ते राज्य बांधणार. मग गाळा तयार आणि दोन्ही बाजूंना हवा, असे पूल अनेकांनी पाहिले असतील. महारेल ही राज्य आणि रेल्वे मंत्रालयाची संयुक्त कंपनी विदर्भात पूल बांधते आहे, अजनीचा नवा पूलही तिच्याकडेच आहे; दोन्ही भाग एका हाती आले की काम सरकतं याचा हा पुरावा.

भुयारी मार्ग झाला म्हणजे वाद मिटला असं नव्हे, तो फक्त जमिनीखाली जातो. नरेंद्रनगरच्या भुयारी मार्गाखाली पावसाळ्यात पाणी तुंबतं हे नागपूरकरांना सांगायला नको. असा मार्ग बांधताना सिमेंटची चौकोनी पेटी रुळांखाली ढकलतात. तिचा तळ शेजारच्या नाल्याच्या पातळीखाली गेला तर पाणी उताराने वाहून जाऊच शकत नाही. खड्डा करून पंपाने उपसावं लागतं. मग प्रवेशाला उंचवटा हवा, म्हणजे रस्त्यावरचं पाणी आत येणार नाही. आडव्या गटारावर जाळी हवी, आणि ती पावसाच्या पहिल्या तासाला प्लॅस्टिकने बुजणार म्हणून साफ करणारा माणूस हवा. पंप दोन हवेत आणि एक तरी डिझेलवर चालणारा, कारण ज्या वादळात पाणी भरतं त्याच वादळात वीज जाते. साधारण वाटणी अशी, की पेटीचा सांगाडा रेल्वेचा आणि रस्ता, दिवे, निचरा स्थानिक संस्थेचा. कागदावर ठीक. पण संस्था दर दोन-तीन वर्षांनी आतल्या रस्त्यावर डांबराचा नवा थर चढवते. पाच सेंटिमीटरचे दोन थर झाले की उंची दहा सेंटिमीटरने घटते; बाहेरच्या पाटीवर जुनाच आकडा. एक दिवस वरपर्यंत भरलेला ट्रक छताला अडकतो. जिथे पेटीऐवजी गर्डरचा पूल असतो तिथे त्याच धक्क्याने वरचे रूळ सरकू शकतात. रस्ता राज्याचा, थर महापालिकेचा, धोका केंद्राच्या गाडीला.

या गटाराच्या प्रश्नावर एक जुना निवाडा आहे, तोही कॅनडाचा. क्वेबेकमध्ये रेल्वेचं गटार तुंबून शेजारच्या जमिनीत पाणी शिरलं. प्रांताच्या नगरपालिका कायद्याने रेल्वेला ते साफ करायला लावता येतं का? १८९९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश साम्राज्यातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने सांगितलं, साफ करायला लावता येतं. पण गटार कसं बांधायचं, त्याची रचना बदला, असं प्रांत सांगू शकत नाही. त्याच वर्षी ब्रिटिश कोलंबिया या दुसऱ्या प्रांताचा कायदा मात्र टिकला नाही. रुळांना कुंपण नसेल तर मेलेल्या गुरांची भरपाई रेल्वेने द्यावी, असं तो म्हणत होता आणि ती रेल्वेची रचना मागच्या दाराने ठरवण्याची वाट होती. रचना केंद्राची, स्वच्छतेचं कर्तव्य स्थानिक कायद्याचं: सव्वाशे वर्षांपूर्वीची ही रेघ आपल्या भुयारी मार्गांच्या करारात ओढली तरी निम्मी भांडणं सुरूच होणार नाहीत.

राज्याला रेल्वे संरक्षेचे सरसकट कायदे करू द्यावेत असं मात्र आम्ही म्हणत नाही. नागपूरहून निघालेली गाडी उत्तरेला काही तासांत मध्य प्रदेशात शिरते, पूर्वेला छत्तीसगडमध्ये. प्रत्येक सीमेवर वेग, डब्यांची संख्या, चालकांची संख्या बदलू लागली तर संरक्षा वाढणार नाही, उलट घटेल. अमेरिकेत ॲरिझोनाने १९१२ मध्ये प्रवासी गाडीला १४ आणि मालगाडीला ७० डब्यांची मर्यादा घातली होती. १९४५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उडवली. लांब गाड्या सीमेआधी तोडून लहान कराव्या लागत होत्या आणि जास्त गाड्या म्हणजे फाटकांवर जास्त टकरी, असा सरळ हिशेब न्यायालयाने मांडला. पण त्याच देशाने १९७० च्या कायद्यात एक खिडकी ठेवली: 'मूलतः स्थानिक स्वरूपाचा धोका' असेल, केंद्रीय नियमाशी विसंगती नसेल आणि आंतरराज्य व्यापारावर अवाजवी भार पडत नसेल, तर राज्य अधिक कडक नियम करू शकतं. खिडकी अरुंद आहे. फाटक पाच मिनिटांपेक्षा जास्त अडवून ठेवणाऱ्या गाडीला दंड करणारा ओहायो राज्याचा कायदा त्या राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केला. तरी खिडकी आहे हे महत्त्वाचं. आपल्याकडे भिंतच आहे आणि भिंतीपलीकडे निवेदन पाठवायची पेटी.

अपघातानंतरची चौकशी हा या पेचाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. आपल्या रेल्वे अधिनियमाच्या कलम ११३ प्रमाणे गंभीर अपघाताची सूचना जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना द्यावी लागते. म्हणजे राज्य तिथे पहिल्या तासापासून हजर. कलम ११४ मधली आयुक्तांची बंधनकारक चौकशी मात्र प्रवासी गाडीच्या अपघाताशी जोडलेली आहे. इतर अपघातांत आयुक्तांना आवश्यक वाटलं तर चौकशी. फाटकावर मालगाडीने रिक्षा उडवली तर मेलेली माणसं रेल्वेची प्रवासी नसतात. त्यांच्या मरणाची स्वतंत्र चौकशी कुणाच्या तरी मर्जीवर. कलम १२४-अ ची भरपाईही प्रवाशांसाठी. रस्त्यावरच्या माणसाच्या वारसांना मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जावं लागतं, आणि तिथे रेल्वेलाही जबाबदार धरता येतं हे सर्वोच्च न्यायालयाला १९९७ मध्ये सांगावं लागलं.

त्यात दोन चौकश्या एकमेकींच्या पायात येतात. आयुक्तांपुढे दिलेली साक्ष साक्षीदाराविरुद्ध वापरता येत नाही, असं कलम ११७ सांगतं, ते यासाठीच की सिग्नलवाल्याने घाबरून वायरिंगचं सत्य लपवू नये. पण त्याच वेळी लोहमार्ग पोलिसांचा गुन्हा दाखल झालेला असतो आणि तोच सिग्नलवाला तिथे आरोपी. बालासोरला जून २०२३ मध्ये २९० हून अधिक जीव गेले. मूळ शोधताना आयुक्त पोहोचले ते ९४ क्रमांकाच्या फाटकापाशी: विजेवरचा दांडा बदलण्याच्या कामात सिग्नलच्या जोडण्या चुकल्या होत्या. तपास मात्र सीबीआयकडेही गेला आणि रेल्वे कर्मचाऱ्यांना अटक झाली. सीबीआयला राज्याची संमती लागते, पण तिच्या कायद्याच्या कलम ६ मध्ये 'रेल्वे क्षेत्र' वगळलेलं आहे. दांड्याचं काम ना पूर्ण रुळाचं ना पूर्ण रस्त्याचं. तरीही चूक तिथे झाली की केंद्राची यंत्रणा राज्याला न विचारता येऊ शकते, आणि त्याच जागेवर पूल हवा म्हणून राज्याने वाद घातला तर निर्णय पुन्हा केंद्राचाच.

मेट्रोबद्दल थोडक्यात. अनुच्छेद ३६६(२०) नुसार पूर्णपणे एका नगरपालिका हद्दीत चालणारी ट्राम 'रेल्वे' नसते, म्हणजे ती केंद्र सूचीतल्या त्या नोंदीबाहेर राहते. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोचा करार ट्रामच्या १८८६ च्या कायद्याच्या आधाराने झाला, पुढे मेट्रोचा केंद्रीय कायदा लागू झाला आणि भाडं कुणी ठरवायचं हा वाद उच्च न्यायालयात गेला. नागपूरचा दुसरा टप्पा कन्हान, बुटीबोरी, हिंगण्याकडे म्हणजे महापालिकेबाहेर जातो, त्यामुळे इथे ती पळवाट मुळात नाही. बरंच झालं.

करायचं काय? कलम १९ मधला वाद रेल्वे मंत्रालयाऐवजी वैधानिक संरक्षा प्राधिकरणाकडे जावा आणि राज्य व स्थानिक संस्था तिथे पक्षकार असाव्यात. डॉ. अनिल काकोडकर समितीने २०१२ मध्ये स्वतंत्र रेल्वे संरक्षा प्राधिकरण सुचवलंच आहे. त्याच्या कामात हे एक कलम वाढवायचं. फाटकावरच्या मृत्यूची चौकशी, गाडी मालाची असो की माणसांची, आयुक्तांना बंधनकारक करावी. राज्याच्या बाजूलाही चाप हवा: फाटक बंद करण्याची संमती ठरलेल्या मुदतीत दिली किंवा लेखी कारणासह नाकारली नाही, तर ती दिली असं धरावं.

दुरुस्तीची वाट न पाहता महापालिकेला आजही कलम १९(१) ची मागणी करता येते, फक्त ती निवेदनासारखी करू नये. सात दिवसांची, चोवीस तासांची वाहनगणना जोडावी आणि पादचारी वेगळे मोजावेत. फाटक दिवसात किती वेळ बंद असतं याचा तक्ता गेटच्या वहीतल्या नोंदींवरून मागवावा. लोहमार्ग पोलिसांकडून त्या जागेवरच्या मृत्यूंच्या नोंदी घ्याव्यात. नाल्याची पूररेषा आणि प्रस्तावित तळाची पातळी एकाच नकाशावर दाखवावी, पोहोचरस्त्याची जमीन कुणाच्या नावावर आहे ते लिहावं, आणि फाटक बंद करण्याच्या संमतीचा ठराव सोबत द्यावा, म्हणजे रेल्वेला पहिलं कारण मिळणार नाही. नकार आला आणि केंद्राने 'अंतिम' म्हणून तो कायम केला, तरी त्या शब्दाने उच्च न्यायालयाचा अनुच्छेद २२६ खालचा अधिकार संपत नाही. अनुच्छेद १३१ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात फक्त राज्य जाऊ शकतं, महापालिका नाही; तिची वाट नागपूर खंडपीठाकडे जाते. तिथे पहिला प्रश्न विचारला जाईल तो निर्णयामागच्या कारणांचा, आणि वर सांगितलेली कागदपत्रं फायलीत असतील तर ती कारणं रेल्वेला द्यावी लागतील.